काचेवरचा डाव

जुलै २०२५मध्ये विधान परिषदेच्या सभागृहातली एक छोटी चित्रफीत राज्यभर फिरली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातल्या मोबाईलवर पत्ते दिसत होते. ते रमी खेळत होते, असा विरोधकांचा आरोप. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिना संपता संपता खाती बदलली. कृषी खातं इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे आलं आणि भरणेमामांचं क्रीडा खातं कोकाटेंकडे गेलं. पत्त्यांवरून वाद आणि वाट्याला क्रीडा, यावर आपल्याकडच्या टपऱ्यांवर चहाबरोबर बरंच बोलून झालं. मला त्यात लक्षात राहिलं ते बोट. समोरासमोरच्या डावात पान टाकणारा, लपवणारा, नुसताच चाळणारा लांबूनही ओळखू येतो. काचेवर मात्र पान टाकणं असो की जाहिरात हटवणं, बोट सारखंच हलतं.

या काचेखाली पारदर्शक तारांची बारीक जाळी असते आणि तिच्यात सौम्य विद्युतक्षेत्र खेळतं. आपलं बोट वीजवाहक, त्यामुळे ते टेकलं की तिथला भार थोडा ढळतो. आतली चिप हा ढळलेला बिंदू शोधते, साध्या फोनमध्येही सेकंदाला कितीतरी वेळा. खेळासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फोनांत २४० आणि त्याहून अधिक वेळा. म्हणून दाबावं लागत नाही, टेकवलं की पुरे. पण म्हणूनच पाण्याचा थेंबही बोटाचं सोंग घेतो. हलका चार्जर लावून खेळायला बसलं की त्यातली विजेची खरखर जाळीत उतरते आणि पडदा आपोआप उघडझाप करू लागतो. दुरुस्तीच्या दुकानात असा फोन नेला की कारागीर आधी विचारतो, ‘चार्जिंगला लावून खेळता का?’ मग सांगतो, टच गेलाय, अख्खा फोल्डर बदलावा लागेल. म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले, सगळं एकत्र.

कोरड्या, घट्टे पडलेल्या कातडीतून हा भार नीट ढळत नाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात फडात कोयता चालवणाऱ्या माणसाला फोन उचलायलाही दोन-तीनदा बोट घासावं लागतं, ते यामुळे. काच मऊ बोटांसाठी बनवली गेली आहे, असं मला त्यावरून अनेकदा वाटतं.

नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ साली साप आला, तेव्हा अंगठ्याखाली बटणं होती. न पाहताही वळण कळायचं. २००७मध्ये आयफोन आला, बटणं गेली आणि खेळ बनवणाऱ्यांपुढे खरी अडचण उभी राहिली: बोट जिथे टेकतं, तिथलंच चित्र झाकलं जातं. ज्यांनी ही अडचण मान्य केली, त्यांचे खेळ चालले. ‘फ्रूट निंजा’त (२०१०) बोटाचीच तलवार झाली. ‘टेंपल रन’मध्ये (२०११) नुसतं सरकवलं की माणूस वळतो, कुठे सरकवलं याला महत्त्व नाही. दोन्हींत नेम धरायचा नाही.

पब्जीने उलटा रस्ता धरला. संगणकावरचा गोळीबार काचेवर आणला आणि पडद्यावर खोटी बटणं रेखली. मग पोरांनीच वाट काढली: दोन अंगठ्यांऐवजी चार बोटं, घाम टच बिघडवतो म्हणून अंगठ्याला चांदीच्या धाग्याची टोपी, नेम धरायला फोनच तिरका करणं. २ सप्टेंबर २०२०ला खेळावर बंदी आली, जुलै २०२१मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला, २०२२मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३मध्ये परत आला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तर याच जातीच्या मोबाईल खेळाला पदकं होती. कौतुक आहेच. तरी हा खेळ काचेवर रेटून बसवलेला आहे, हे माझं मत कायम आहे.

काचेचा खरा सोयरा म्हणजे पट. दोन्ही सपाट, दोन्हींकडे वरून बघायचं, एका वेळी एकच सोंगटी हलवायची. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६मध्ये आला. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओचं स्वस्त इंटरनेट सुरू झालं. २०२०च्या टाळेबंदीत लुडो घराघरांत पोचला. आजीला वाचता आलं नाही तरी फासा टाकता येतो आणि मुंबईतल्या नातवाची सोंगटी मारताही येते. कॅरमही तसाच: स्ट्रायकरमागे बोट ओढायचं आणि सोडायचं.

पण ज्या बोटाने सोंगटी हलते, त्याच बोटाने पैसेही जातात. समोर डाव मांडला तर खिशातून नोट काढावी लागते, कोणीतरी बघतं, हात जरा अडखळतो. काचेवर तो अडखळा उरत नाही. यूपीआयने तो पुसून टाकला आणि रमीच्या ॲपनी तिथेच दुकान मांडलं. संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची मोहोर उठली. पैसे लावून खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मुंबईच्या ड्रीम११ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. ई-स्पोर्ट्स आणि पैशांविना खेळले जाणारे खेळ यांना मात्र हाच कायदा उत्तेजन देतो.

ही मोकळी जागा कोण भरणार? पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४च्या ऑक्टोबरात ‘इंडस’ आणला; भारतीय कल्पनेतला, पण पुन्हा गोळीबारच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते, पटावरची वाघ-बकरी, नवकंकरी, हे सगळं बोटाजोगतं आहे. आणि आपल्या दाराशी बेलवाडीचं रिंगण आहे. तुकोबांच्या पालखीपुढे इंदापूर तालुक्यात अश्व गोल धावतो. बोटाने वर्तुळ काढण्याइतकी सोपी हालचाल काचेवर दुसरी नाही. वेग धरायचा, वळणावर रेषा सुटू द्यायची नाही, टाळ-मृदंगाचा ठेका सांभाळायचा. खेळ तयारच आहे, कोणी लिहिलेला नाही इतकंच.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकणारी पोरं आहेत. खेळ बनवण्याचं युनिटी हे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना फुकट मिळतं. गूगल प्लेवर खेळ टाकायचं खातं एकदाच २५ डॉलर भरून उघडतं. नव्या वैयक्तिक खात्याला मात्र एक अट आहे: खेळ खुला करण्याआधी किमान १२ जण सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत सामील असले पाहिजेत. हॉस्टेलच्या एका मजल्यावर तेवढी माणसं रात्री अकरालाही जागी असतात.