सुरीच्या आधीची सुई

ऑपरेशनच्या उंबरठ्यावर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आतड्याच्या ऑपरेशनची कारणं पाहिली: अडकलेला हर्निया, फुटलेलं अपेंडिक्स, टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला पडलेलं छिद्र, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आज फक्त एका इंजेक्शनबद्दल लिहितो आहे. ऑपरेशन टेबलावर, छेद घेण्याआधी, सलाईनच्या नळीतून जाणारं अँटिबायोटिक. त्या वेळी नातेवाईक बाहेर बाकावर असतात, रुग्णाला भूल चढत असते, त्यामुळे ते कुणाच्या नजरेला पडत नाही. नजरेला पडतात ती वॉर्डात पाच-सात दिवस चालणारी इंजेक्शनं, आणि ‘कडक औषधं चालू आहेत’ म्हणून जिवाला बरं वाटतं तेही त्यांच्यामुळेच. टाक्यात पू होऊ नये याचं बरंचसं काम मात्र त्या न दिसणाऱ्या सुईने केलेलं असतं.

औषधाची वेळ म्हणजे काय, हे महाडकरांना नव्याने सांगावं लागत नाही. १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर पुढच्या दशकात प्राझोसिन वापरायला सुरुवात केली. दंशानंतर गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं हृदय वाचतं, हे या भागातल्या शेतावरच्या माणसांनाही ठाऊक झालं. आतड्याच्या ऑपरेशनमधली वेळ त्याहून नाजूक आहे. इथे औषध संकटाच्या आधी पोचायला हवं.

मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात शंभर अब्जांच्या घरात जंतू असतात. आतड्यात आहेत तोवर ते आपल्या उपयोगाचेच. पण आतडं उघडलं की त्यातले काही पोटाच्या कापलेल्या चरबीवर, स्नायूंवर उतरतात. सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी हे पूर्ण टळत नाही. कापलेल्या जागी रक्त साकळतं, जंतू त्यात अडकतात, आणि तिथला रक्तपुरवठा तुटलेला असल्याने नंतर दिलेलं औषध त्यांच्यापर्यंत धड पोचत नाही. रानडुकरं शेतात शिरल्यावर राखणीला माणूस बसवून भात वाचत नाही, तसंच हे.

बॉस्टनच्या जॉन बर्क या सर्जनने १९६१ साली हे गिनीपिगच्या कातडीवर तपासलं. जंतू टोचण्याआधीच अँटिबायोटिक रक्तात असलं, तर कातडीवर उठणारी गाठ मेलेले जंतू टोचल्यावर उठते तेवढीच राहिली. तीन तासांनी दिलं, तेव्हा दिल्याचा काहीच फायदा झाला नाही. माणसांमधला पुरावा १९९२ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून आला. तिथे २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के लोकांच्या जखमेत संसर्ग झाला. छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत हे प्रमाण ३.३ टक्के होतं. आणि दोन तासांहून जास्त आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के! घाईने वॉर्डातच सुई देऊन टाकली आणि ऑपरेशनचा नंबर दुपारी लागला, तर ती सुई वायाच जाते. ही ऑपरेशनं स्वच्छ किंवा कमी दूषित गटातली, आधी ठरवून केलेली होती. आतड्यात मुळातच जंतूंची खाण असल्याने तिथे वेळ चुकणं आणखी महागात पडतं.

आता १९८१ सालच्या एका निबंधाबद्दल, ज्याने मला कायम अस्वस्थ केलं आहे. बाउम आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवरचे, १९६५ ते १९८० या काळातले २६ अभ्यास एकत्र केले. या अभ्यासांत एका गटाला अँटिबायोटिक मिळालं होतं, दुसऱ्याला नाही. जखमेतला संसर्ग औषधाच्या गटात २२ टक्के, बिनऔषधाच्या गटात ३६ टक्के. मृत्यू ४.५ टक्के विरुद्ध ११.२ टक्के. म्हणजे उत्तर कित्येक वर्षं समोर होतं, फक्त कुणी बेरीज केली नव्हती. दरम्यान नवे अभ्यास सुरूच राहिले आणि प्रत्येकात अर्ध्या लोकांना बिनऔषधाचं टेबलावर घेतलं गेलं. यापुढे आतड्याच्या ऑपरेशनमध्ये कुणालाही औषधाविना ठेवून प्रयोग करू नये, असं त्या निबंधाने स्पष्ट लिहिलं. पुढे २०१४ साली, अशा अभ्यासांची बेरीज करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २६० अभ्यास आणि ४३ हजारांहून जास्त रुग्ण एकत्र आले. निष्कर्ष तोच होता: औषधाविना शंभरातल्या ३९ जणांच्या जखमेत संसर्ग, औषधाने तो १३ जणांवर. वैद्यकात इतका पक्का पुरावा फार थोड्या गोष्टींना लाभला आहे.

औषध कोणतं, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतात. साधारणपणे सेफाझोलिनसोबत मेट्रोनिडाझोल असतं, कारण आतड्यातले बहुतेक जंतू हवेविना वाढणारे असतात आणि त्यांच्यावर पहिलं एकटं पुरत नाही. ऑपरेशन आधी ठरलेलं असेल, तर आदल्या दिवशी पोट साफ करण्याच्या औषधाबरोबर अँटिबायोटिकच्या गोळ्याही द्याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं. नुसतं पोट साफ करणं पुरेसं नाही. त्या गोळ्यांनी मळमळतं, म्हणून काही रुग्ण त्या उशाखाली ठेवून देतात. तसं करू नका. त्रास होत असेल तर सिस्टरना सांगा.

त्याच शिफारशींमधला दुसरा भाग आपल्याकडे पचायला जड जातो: ठरवून केलेलं ऑपरेशन सुरळीत पार पडलं, तर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक पुढे चालू ठेवायचं नाही. जास्त दिवस दिल्याने जखम जास्त सुरक्षित होत नाही. उलट जुलाब लागतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. आधीच छिद्र पडून पोटात पू झालेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक हा उपचारच असतो. पण तिथेही, संसर्गाचं मूळ ऑपरेशनने नीट काढलं असेल, तर सुमारे चार दिवसांचं औषध आठ दिवसांइतकंच काम करतं, हे २०१५ साली दिसून आलं. तेव्हा डॉक्टरांनी सुया लवकर थांबवल्या, तर हात आखडता घेतला असं समजू नका.

पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी यात एक खास मुद्दा आहे. पोट फुगलेला रुग्ण आधी पोलादपूरला किंवा महाडला पोचतो, तिथे सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू होतं, आणि मग गाडी माणगाव, पनवेल, मुंबईच्या वाटेला लागते. पावसात महामार्गावर किती वेळ जाईल याचा नेम नसतो. आतडं फुटल्याचा संशय असेल तर पहिल्या दवाखान्यात औषध सुरू करणं अगदी बरोबर आहे. पण सेफाझोलिनची रक्तातली मात्रा साधारण दर दोन तासांनी निम्मी होते. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये चार तासांनी ते पुन्हा देतात, तेही त्यामुळेच. महाडला दिलेल्या सुईच्या भरवशावर मुंबईत छेद घेता येत नाही. म्हणून रेफरच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि देण्याची वेळ, तास-मिनिटांसकट लिहून घ्या. राहिली असेल तर गाडीत बसण्याआधी मागून घ्या आणि पुढच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. पूर्वी पेनिसिलिनसारख्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर तेही तिथेच सांगा.

सुईने सगळं भागत नाही. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतूंना वाट मिळते, काढायची गरज असेल तर ऑपरेशन थिएटरवाले क्लिपरने काढतील. साखर आटोक्यात आणा, विडी-सिगारेट काही आठवडे आधी सोडा. रुग्णालयांच्या बाजूने पाहिलं, तर भारतासह सात देशांत १३ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त टाके घालण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलल्याने संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला.

एवढं करूनही काहींच्या जखमेत पू होतोच, आणि तो बहुतेकदा घरी गेल्यावर दिसतो. ऑपरेशननंतर तीस दिवसांपर्यंत सावध राहायचं. टाक्याभोवती वाढती लाली, ठणका, घाण वासाचा स्राव, थंडी वाजून ताप, किंवा शौच बंद होऊन पोट फुगणं, यातलं काही दिसलं तर ‘पाऊस उघडल्यावर जाऊ’ म्हणून थांबू नका. घरात उरलेलं जुनं किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेलं अँटिबायोटिक सुरूही करू नका, त्याने पू दबतो आणि निदान लांबतं. गावातल्या आशाताईंना जखम दाखवा, त्या उपकेंद्राशी बोलतील. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, कारण दुसऱ्या डॉक्टरांना ऑपरेशन कोणतं झालं आणि औषध कोणतं दिलं हे त्यावरूनच कळणार असतं.

पुढच्या आठवड्यात भूल देण्याआधी उपाशी राहण्याबद्दल.