एका डावावरून खेळाडू निवडता येतो का?

द्रोणागिरीत इमारतींच्या मधल्या रिकाम्या भूखंडांवर रविवारी सकाळी टेनिस बॉलचे क्रिकेट रंगते. गेल्या वर्षी अशाच एका सामन्याच्या कडेला उभे असताना ओळखीचे एक क्रीडाशिक्षक भेटले. शाळेचा संघ निवडायचा होता. चाळीस मुले इच्छुक, जागा पंधरा. "शनिवारी निवड चाचणी ठेवली आहे. प्रत्येकाला एक डाव. तुम्ही आकडेमोडीतले माणूस, हे बरोबर आहे ना?" त्यांनी विचारले. मी "पाहून सांगतो" म्हणालो. तो हिशेब आज आपल्यापुढे मांडतो आहे.

सुरुवात एका चित्रपटापासून करू. २०११ साली 'मनीबॉल' नावाचा अमेरिकन चित्रपट आला. तो मायकेल लुईस यांच्या २००३ सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. गोष्ट खरी आहे. ओकलंड अॅथलेटिक्स हा बेसबॉलचा गरीब संघ. २००२ च्या हंगामात त्यांचा खेळाडूंवरचा खर्च सुमारे चार कोटी डॉलर होता, तर न्यूयॉर्क यांकीजचा बारा कोटींच्या वर. आदल्या हंगामानंतर त्यांचे तीन मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी नेले. तेव्हा व्यवस्थापक बिली बीन यांनी ठरवले की, बाजारात ज्याची किंमत कमी लावली जाते, पण ज्याने सामने जिंकता येतात, असा गुण शोधायचा.

तो गुण कोणता? बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू मारून पहिला बेस गाठला की तो 'हिट' होतो. पण गोलंदाजाने चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तरीही त्याला पहिला बेस फुकट मिळतो. जुन्या पद्धतीच्या सरासरीत हे फुकटचे बेस मोजत नसत. आता दोन काल्पनिक खेळाडू घ्या. दोघेही शंभर वेळा खेळायला आले. पहिल्याच्या हिट ३०, फुकट बेस २. दुसऱ्याच्या हिट २५, फुकट बेस १२. जुनी सरासरी पहिल्याची ९८ पैकी ३०, म्हणजे ०.३०६, दुसऱ्याची ८८ पैकी २५, म्हणजे ०.२८४. पहिला सरस दिसतो. पण पहिला ६८ वेळा बाद झाला आणि दुसरा ६३ वेळा!

हा फरक महत्त्वाचा का? बेसबॉलमध्ये चेंडूंची संख्या ठरलेली नसते. ठरलेले असते ते बाद होणे. नऊ डाव, प्रत्येकी तीन बाद, एकूण सत्तावीस. म्हणजे 'बाद' हे त्या खेळातले दुर्मीळ धन आहे. ते जो कमी उधळतो, तो संघाच्या कामाचा. बीन यांनी असे स्वस्तातले खेळाडू घेतले. त्या वर्षी ओकलंडने १०३ सामने जिंकले, त्यातले वीस सलग. मात्र पुढच्या बाद फेरीत मिनेसोटाने त्यांना ३-२ असे हरवले. आणखी एक गोष्ट चित्रपट पाहताना ध्यानात ठेवावी. त्या संघात बॅरी झिटोसारखे उत्तम गोलंदाज आणि त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा हेही होते. त्यांच्याबद्दल चित्रपट जवळजवळ काही बोलत नाही. गणिताने मदत केली हे खरे, पण सारे श्रेय एकट्या गणिताचे नव्हे.

आता आपल्या मैदानावर येऊ. आपल्याकडे दुर्मीळ काय आहे? हे खेळाच्या प्रकारावर ठरते. एका डावातले चेंडू भागिले दहा बळी असा साधा भागाकार करून पाहा. पन्नास षटकांच्या सामन्यात एका बळीमागे ३० चेंडू येतात. वीस षटकांच्या सामन्यात १२. आणि आमच्या भूखंडावरच्या चार षटकांच्या सामन्यात २.४! तिथे बळी जवळजवळ फुकट आणि चेंडू फार मोलाचा. म्हणून कसोटीत ज्याची सरासरी चांगली तो मौल्यवान, तर चार षटकांत प्रत्येक चेंडूमागे अधिक धावा काढणारा. मोजमाप कोणते घ्यायचे, हे खेळाचे नियम ठरवतात. आपली सवय नव्हे.

मोजमाप ठरले, तरी ते किती वेळा घेतले हा प्रश्न उरतोच. १९४५ साली इंग्लंडमध्ये एल्डर्टन आणि वुड यांनी फलंदाजांच्या धावसंख्या तपासल्या. एका फलंदाजाच्या धावा साधारणपणे भूमितीय वितरण पाळतात, असा विचार त्यांनी पुढे मांडला. म्हणजे काय? प्रत्येक धावेमागे बाद होण्याचा धोका जवळपास सारखाच असतो, असे मानायचे. ज्याची सरासरी ४०, त्याला दर धावेमागे सुमारे चाळीसात एक धोका. प्रत्यक्षात डावाच्या सुरुवातीला धोका थोडा जास्त असतो, पण अंदाजासाठी हे पुरे. अशा वितरणात प्रमाण विचलन जवळजवळ सरासरीएवढेच असते. म्हणूनच चांगला फलंदाजही एका दिवशी शून्यावर आणि दुसऱ्या दिवशी शतक काढून परततो. त्यात आश्चर्य काहीच नाही.

आता निवड चाचणी घेऊ. 'अ' ची खरी सरासरी ४०, 'ब' ची ३०. दोघांना एकेक डाव मिळाला. कमी गुणवत्तेचा 'ब' जास्त धावा करील अशी शक्यता किती? कल्पना करा, दोघे शेजारी शेजारी एकेक धाव काढत चालले आहेत. प्रत्येक पावलावर 'अ' ला धोका चाळीसात एक, 'ब' ला तिसात एक. आधी कोण बाद होईल? या दोन धोक्यांचे गुणोत्तर ३:४ आहे. म्हणजे सातपैकी तीन वेळा 'अ' आधी बाद होणार आणि 'ब' पुढे जाणार. हे प्रमाण सुमारे ४३ टक्के! नाणे उडवून निवड केली असती तर चूक ५० टक्के वेळा झाली असती. चाचणीने आपल्याला एवढाच फायदा दिला. चार-चार डाव दिले तरी 'ब' पुढे असण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के उरते.

हे वर्गात करून पाहता येईल. एक फासा घ्या. १ पडला की बाद. 'अ' ने बाकीच्या प्रत्येक फेकीला जेवढे पडेल तेवढ्या धावा घ्याव्यात. त्याची सरासरी २० येते (का, ते मुलांना काढू द्या). 'ब' ने १ सोडून काहीही पडले तरी तीनच धावा घ्याव्यात; त्याची सरासरी १५. पन्नास डावांच्या जोड्या खेळा. त्यांतल्या वीसएक जोड्यांत 'ब' पुढे असलेला दिसेल. मग चार-चार डावांच्या बेरजा करून पुन्हा तुलना करा. फळ्यावरची ही आकडेवारी संख्याशास्त्राच्या व्याख्येपेक्षा अधिक बोलते.

एकच डाव सरासरीला किती हलवू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम हाताशी असताना प्रतिपक्षाने पुढे खेळण्यास नकार दिला. निंबाळकरांच्या प्रथम श्रेणीतल्या एकूण धावा ४८४१, सरासरी ४७.९३. यावरून ते १०१ वेळा बाद झाले, हे भागाकारानेच कळते. तो एक डाव वगळा. तो नाबाद असल्यामुळे १०१ हा भाजक बदलत नाही. सरासरी येते ४३.५४. शंभराहून अधिक डावांची कारकीर्द, तरी एका डावाने चारपेक्षा जास्त धावांचा फरक पडला! मग चाचणीतल्या एका डावाची काय कथा?

बरे, आकडे भरपूर असले म्हणजे निवड होतेच असेही नाही. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी १९.६९ च्या सरासरीने घेतले, पण त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी होते. अमोल मुझुमदार यांनी अकरा हजारांवर धावा केल्या. भारतीय संघात जागा मिळाली नाही. पण खेळाची त्यांची जाण वाया गेली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, म्हणजे द्रोणागिरीहून फार दूर नाही, भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुझुमदार त्या संघाचे प्रशिक्षक होते. ही कर्तबगारी कोणत्याही फलंदाजीच्या तक्त्यात दिसत नाही.

त्या शिक्षकांना मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, वर्षभर एक वही ठेवा आणि सरावाच्या प्रत्येक सामन्याची नोंद करा. दोन, संघ कोणत्या प्रकारचा सामना खेळणार ते आधी पाहा आणि मगच मोजमाप ठरवा. तीन, ज्यांची नावे यादीत आली नाहीत, त्यांना "तुला येत नाही" असे सांगू नका. ते सांगण्याएवढा पुरावा तुमच्याजवळ नाही.

त्यांनी चाचणी रद्द केली नाही. वेळापत्रक ठरलेले होते. पण पंधराऐवजी पंचवीस मुलांना सरावाला घेतले आणि वही सुरू केली. दिवाळीनंतर त्यांनी ती मला दाखवली. चाचणीत पहिल्याच चेंडूवर बाद झालेला एक मुलगा अकरा डावांनंतर यादीत तिसरा होता. अकरा डावही थोडेच, हे मी त्यांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "हो, पण एकापेक्षा बरे."

हेच वाक्य परीक्षेच्या गुणांनाही लागू पडते. वर्षाच्या शेवटी एका प्रश्नपत्रिकेवरून आपण मुलाला हुशार किंवा 'ढ' ठरवतो, तेव्हा आपणही त्याला एकच डाव दिलेला असतो.