उत्तर कुठली? लोणारची आणि मंगळाची

होस्टेलवर खोली मिळाली की बऱ्याच जणांना पहिला प्रश्न पडतो, उत्तर कुठली? घरून बजावलेलं असतं, उत्तरेला डोकं करून झोपू नकोस. मग कुणीतरी मोबाइलमधलं होकायंत्र काढतो आणि पलंग फिरतात. पण मित्रांनो, हाच पलंग मंगळावर नेला तर?

तिथे होकायंत्र जवळजवळ निरुपयोगी. पृथ्वीच्या गाभ्यात वितळलेलं लोखंड फिरतं, म्हणून आपल्याला चुंबकीय क्षेत्र मिळालं. मंगळाचा हा डायनामो अब्जावधी वर्षांपूर्वीच बंद पडला. उरलं ते जुन्या खडकांत गोठलेलं चुंबकत्व, तेही जागोजागी वेगळ्या दिशेचं. सुई हलेल, पण तिचं ऐकून चालू लागलात तर भलतीकडेच पोचाल.

खडकात चुंबकत्व गोठतं म्हणजे काय, हे बघायला आपला बुलडाणा जिल्हा पुरे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टमध्ये आघाताने झालेलं. म्हणूनच चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येतात. पण मला विवरापेक्षा तो काळा दगडच जास्त आवडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा होता. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा पकडतं आणि ती सोडत नाही. म्हणजे प्रत्येक थर हे एक थांबलेलं होकायंत्रच!

१९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या दगडांची अशी मोजणी प्रसिद्ध केली. दख्खनच्या बऱ्याच थरांत सुईचं उत्तर टोक चक्क दक्षिणेकडे आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. त्याहून मोठी गोष्ट सुईच्या तिरपेपणात आहे. सूत्र सोपं: तिरपेपणाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. आपल्या २० अंश उत्तरेला सुई साधारण ३६ अंश झुकायला हवी. दगडातली सुई वेगळंच सांगते. तिच्या हिशोबाने हा लाव्हा सांडला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, २५ ते ३० अंशांच्या आसपास होती. खंड सरकतात यावर तेव्हा अनेकांचा विश्वास नव्हता. त्या वादात आपल्या काळ्या दगडाने साक्ष दिली.

म्हणजे सुईची उत्तर उलटते, सरकते, कधी नाहीशीही होते. गुरूवर तर सुई जोरात फिरेल आणि उत्तर टोक दक्षिण दाखवेल (उभं राहायला जमीन नाही ते सोडा). म्हणून ग्रहांच्या दिशा चुंबकावर नाही, तर परिवलनावर ठरवतात. ग्रह ज्या अक्षाभोवती फिरतो त्याची दोन टोकं म्हणजे ध्रुव. सूर्यमालेच्या सरासरी प्रतलाच्या ज्या बाजूला पृथ्वीचा उत्तर ध्रुव आहे, त्याच बाजूचा ध्रुव उत्तर. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे सूर्य खरोखर पश्चिमेला उगवतो. होस्टेलवर एखादा पहाटे पाचला उठला की आपण जे म्हणतो, ते तिथे रोजचंच. फक्त तिथला एक दिवस आपल्या सुमारे ११७ दिवसांचा!

चंद्रावर तर माणसांनीच गोंधळ केला. पूर्वी चंद्राची पूर्व-पश्चिम आपल्या आकाशावरून ठरत असे. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ती बदलून चंद्रावर उभ्या माणसाच्या हिशोबाने केली. त्यामुळे 'मारे ओरिएंताले', म्हणजे पूर्वेचा समुद्र, आज चंद्राच्या पश्चिम कडेला आहे.

मग मंगळावरची गाडी उत्तर कशी शोधते? २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी कॅमेऱ्याने सूर्य शोधत. आपण किती कललो आहोत हे गुरुत्वाच्या दिशेवरून कळतं. घड्याळ, जागा आणि सूर्य माहीत असला की दिशा निघते. हे गणित चुकलं तर अँटेना पृथ्वीकडे वळत नाही आणि संदेश जात नाही.

मोकळ्या अवकाशात ना जमीन, ना क्षितिज. २०१३ मध्ये निघालेलं आपलं मंगळयान ताऱ्यांचे फोटो काढून, ते आपल्याजवळच्या यादीशी जुळवून स्वतःचा रोख ठरवत असे. उत्तर मात्र तिथेही सोडलेली नाही. आपल्या अख्ख्या आकाशगंगेचाही एक उत्तर ध्रुव ठरवलेला आहे. तो अरुंधती केश तारकासमूहात आहे, उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री गच्चीवर गेलात तर जवळजवळ डोक्यावर.