सरळ हवेत, पण चप्प नकोत!

स्ट्रेटनर विकत घ्यायच्या आधी, आणि मुख्य म्हणजे तो केसांना लावायच्या आधी, एकदा केस जाळून बसलेल्या मुलीचं ऐका...

२०१९ ची गोष्ट. पहिली नोकरी, लोअर परळचं चकाचक ऑफिस आणि सोमवारी सकाळी दहाला क्लायंटसमोर माझं पहिलंवहिलं प्रेझेंटेशन. शुक्रवारी संध्याकाळी साहेब जाता जाता म्हणाले, "स्लाइड्स मस्त झाल्यात. फक्त त्या दिवशी केस जरा प्रोफेशनल करून ये." आता प्रोफेशनल केस म्हणजे नेमकं काय, हे मास कॉमच्या कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. पण माझ्या लहरी, मनमौजी केसांकडे बघून ते बोलले म्हणजे अर्थ उघड होता. सरळ करून ये!

रविवारी जाऊन सातशे रुपयांचा स्ट्रेटनर आणला. सोमवारी पावणेआठला न्हाऊन आले, आरशासमोर बसले आणि लावला. केस? ओलेच होते. घरी इस्त्री करताना आई शर्टावर पाणी शिंपडते, मग चुण्या पटकन जातात. तोच फंडा! पहिल्याच बटेला 'चर्र' असा आवाज आला, वाफ निघाली आणि जळक्या पिसांसारखा वास खोलीभर पसरला. मला वाटलं, मशीन नवीन आहे, असेल असंच.

केस सरळ झाले, नाही असं नाही. पण कसे? टाळूला चिकटलेले, चप्प, शेवयांसारखे. लोकलमधून उतरेपर्यंत त्यातले निम्मे परत उभे राहिले होते. आणि प्रेझेंटेशनमध्ये माझ्या केसांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष तिसऱ्या स्लाइडवरच्या स्पेलिंगच्या चुकीकडे!

पापड आणि केस

पंधरा दिवसांनी टोकं तुटायला लागली तेव्हा आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या काकूंकडे गेले. त्यांनी एक केस ओला केला, दोन बोटांत धरून हलकेच ताणला. कट्! "ओले असताना भाजलेस ना गं?" काकूंनी विचारलं. मी मान खाली घातली. "पापड भाजताना फोड येतात बघ. तस्से आलेत आत." चार बोटं केस त्यांच्या फरशीवर सोडून मी घरी आले. केसाने गळा कापणं म्हणतात, ते माझ्या बाबतीत केसांनीच करून दाखवलं.

काकूंची पापडाची उपमा किती बरोबर होती, ते पुढे वाचताना कळलं. केस ओला असताना त्याच्या आतही पाणी असतं. शंभरच्या कितीतरी वर तापलेल्या प्लेट्समध्ये तो दाबला की त्या पाण्याची वाफ होते. बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ती केसाच्या आतच बुडबुडे करते. त्वचारोगतज्ज्ञांच्या पुस्तकांत याला चक्क 'बबल हेअर' असं नाव आहे. असा केस बुडबुड्यापाशी मोडतो, आणि त्यावर कुठलंही सीरम, कुठलाही स्पा चालत नाही. फक्त कात्री.

मुळात उष्णतेनं केस सरळ होतात तरी कसे? केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याला आकार देणारे बंध दोन प्रकारचे. एक पक्के, गंधकाचे. ते फक्त रसायनांनीच हलतात. दुसरे कच्चे, हायड्रोजनचे. ते पाण्यानं किंवा उष्णतेनं सुटतात आणि केस वाळला किंवा थंड झाला की नव्यानं जुळतात. ज्या आकारात केस थंड होईल, तो आकार टिकतो. हे एक वाक्य मला २०१९ मध्ये कुणी सांगितलं असतं, तर चार बोटं केस वाचले असते. आपण सगळे तापवण्याच्या मागे लागतो आणि थंड करायचं विसरतो.

मुळांना हवा, टोकांना इस्त्री

जाहिरातीतल्या मुलीचे केस बघा. सरळ असतात, पण डोक्याला चिकटलेले नसतात. मुळांशी उचललेले, मध्ये भरगच्च, टोकाशी किंचित आत वळलेले. हा लूक एकट्या स्ट्रेटनरनं येणं कठीण, कारण स्ट्रेटनरचं कामच मुळी दाबण्याचं. केसांना अंग येतं ते ड्रायर आणि गोल ब्रशनं. स्ट्रेटनर शेवटच्या पाच मिनिटांचा पाहुणा.

न्हाल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसू नका. आजीचा पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट घेऊन पाणी टिपा. मग मान खाली घालून, केस पुढे सोडून, ड्रायरनं मुळं वाळवा. या वेळी ब्रश नको, बोटं पुरेत. केस ऐंशी टक्के वाळले की सरळ उभ्या राहा आणि ड्रायरच्या तोंडाला ते चपटं नोझल लावा. हो, तेच, जे बॉक्समध्येच पडून असतं! नोझलमुळे हवा एका रेषेत येते. ती नेहमी मुळाकडून टोकाकडे जायला हवी. केसावर कौलांसारखे बारीक खवले असतात. या दिशेनं ते मिटून बसतात आणि केस चमकतो. उलट दिशेनं हवा मारली की पिंजारलेला कापूस तयार.

आता खरी मेहनत. एक बट घ्या, ब्रशच्या रुंदीपेक्षा जास्त नको. गोल ब्रश तिच्या मुळाखाली घाला, केस टाळूपासून वर, छताच्या दिशेनं उचला आणि हवा द्या. मग सावकाश टोकापर्यंत या. बट कोरडी झाली की ब्रश तसाच ठेवून ड्रायरचं निळं बटण दाबा. बऱ्याच ड्रायरवर ते असतं आणि बरेच जण ते कधीच वापरत नाहीत. त्यातून थंड हवा येते. मनात दहा आकडे मोजा, मग सोडा. सुटलेले बंध तिथेच, उचललेल्या स्थितीत जुळतात.

माथ्यावरच्या तीन-चार बटा याहून जास्त फुगायला हव्या असतील तर वेल्क्रोचे मोठे रोलर गरम बटांवर गुंडाळा आणि चहा-पोहे उरकून घ्या. दादरला किंवा तुळशीबागेत ते सहज मिळतात. घरचे हसतील, हसू द्या. केस पूर्ण गार झाल्यावरच रोलर काढा.

शेवटी स्ट्रेटनर. केस खडखडीत कोरडे हवेत. मुळापासून सुरू करू नका, कानाच्या पातळीपासून खाली या. पुढे कंगवा, मागे प्लेट्स, असा एकच सलग, न थांबता हात फिरवा. टोकाशी मनगट किंचित आत वळवा. एकाच बटेवरून पाच वेळा घाईत फिरवण्यापेक्षा एकदा नीट फिरवलेलं बरं.

हे सगळं सकाळी सात पन्नासच्या गाडीआधी कसं जमणार? नाही जमत. मी आदल्या रात्री धुते आणि ब्रशचं काम रात्रीच उरकते. सकाळी फक्त टोकं. आणि आठवड्यातून दोनदाच. रोज नाही म्हणजे नाही.

२३० चा मोह

बहुतेक चांगल्या स्ट्रेटनरवर तापमान साधारण १२० पासून २३० अंशांपर्यंत बदलता येतं. आपल्याला वाटतं, जास्त आकडा म्हणजे जास्त सरळ. पण कोरड्या केसातलं केराटिनही २३० च्या आसपास कोसळायला लागतं. म्हणजे मशीनचा शेवटचा आकडा आणि केसाचा शेवट, दोन्ही जवळपास एकाच स्टेशनवर! आणि नुकसान त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. घरी आपण केक १८० वर भाजतो, एवढं आठवलं तरी हात आपोआप खाली येतो.

पातळ, रंगवलेले किंवा आधीच राठ झालेले केस असतील तर १५० पर्यंतच थांबा. मध्यम केसांना १६० ते १८० भरपूर झालं. दाट, जाड, हट्टी केस असतील तरच २०० कडे जा. 'जीएचडी' या ब्रिटिश ब्रँडनं तर आपल्या कित्येक मॉडेल्सना आकडा बदलायची सोयच ठेवली नाही. सरळ १८५ वर कुलूप! आधी उष्णतारोधक स्प्रे मारायला विसरू नका. त्यातलं सिलिकॉन केसावर पातळ थर देतं, त्यामुळे उष्णता थोडी हळू पोचते. चिलखत नव्हे हं, छत्री समजा. आणि स्प्रे वाळू द्या, नाहीतर पुन्हा पापड.

दुकानात गेल्यावर

बॉक्सवर 'सिरॅमिक' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. स्वस्त मशीनमध्ये धातूच्या प्लेटवर सिरॅमिकचा नुसता मुलामा असतो. तो कडांना उडाला की उघडा धातू केस ओढतो. बाकी चांगली सिरॅमिक प्लेट सगळीकडे सारखी तापते, आपल्यासारख्या सर्वसाधारण केसांना तीच बरी. टायटॅनियम भराभर तापतं आणि ताप धरून ठेवतं. जाड केसांसाठी ठीक, पण नवशिक्या हातात देऊ नये. टूर्मलीन हे खनिज आहे, त्याच्या 'आयन'बद्दल सेल्समन बरंच काही सांगेल. ऐकून घ्या, पण तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मी स्वतः दुकानात एकच परीक्षा घेते. कागदाची पट्टी बंद प्लेट्समध्ये धरायची आणि ओढून बघायची. आधी टोकाशी, मग मध्ये, मग मुठीजवळ. कुठे घट्ट, कुठे सैल लागली तर मशीन परत. अशा मशीननं अर्धी बट भाजते आणि अर्धी तशीच राहते. रुंदीचं म्हणाल तर इंचभर प्लेट बहुतेकांना चालते. कमरेपर्यंत दाट केस असतील तर दीड इंच. आकडा न दाखवता फक्त लाल दिवा लागणारं मशीन मात्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका. माझं ते सातशेचं तसंच होतं.

पैसे आधी कशावर घालायचे? माझं मत विचाराल तर ड्रायरवर. दाट केसांना १६०० ते २००० वॉटचा हवा. पण पीजीत राहणाऱ्यांनो, सांभाळून! २००० वॉटचा ड्रायर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि भिंतीवरचा छोटा सॉकेट असतो सहाचा. मोठ्या तीन पिनांचा सॉकेट शोधा, एक्स्टेन्शन बोर्डवर जुगाड नको. दोन्ही हातांची कसरत जमत नसेल तर ब्रशमधूनच गरम हवा येणारं मशीन घ्या, भरगच्चपणासाठी ते झकास. डायसननं २०१८ मध्ये एअररॅप आणला आणि २०२३ मध्ये ओले केस हवेनंच सरळ करणारा एअरस्ट्रेट. कल्पना उत्तम आहेत, पण किंमत ऐकून माझे सरळ केसही उभे राहिले.

आणि न्यू जर्सीची मावशी 'काय आणू गं?' विचारेल तेव्हा आधी मशीनच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचायला सांगा. '१००–२४० व्होल्ट' असेल तरच आणा. नुसतं १२० असेल तर इथल्या प्लगमध्ये घातल्या घातल्या धूर!

तेल, पाऊस आणि 'कायमचा उपाय'

आजी म्हणायची, न्हायच्या आधी खोबरेल लाव. आजीला पुरावा मिळाला २००३ मध्ये. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातून प्रथिन निघून जाणं खोबरेलनंच कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. (कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं.) पण तेल लावायचं ते धुण्याआधी. तेल लावून त्यावर स्ट्रेटनर फिरवू नका.

पावसाळ्यात काय? जुलैमधली मुंबईची हवा म्हणजे पाणीच. केस ती पितो, कच्चे बंध पुन्हा सुटतात आणि दादरचा पूल चढेस्तोवर सगळी मेहनत फुस्स. घराबाहेर पडायच्या आधी केस पूर्ण गार होऊ द्या, वरून थेंबभर सीरम लावा, थोडं जास्त टिकेल. खरं सांगू? जूनमध्ये माझा स्ट्रेटनर कपाटात जातो आणि अंबाडा बाहेर येतो.

"एवढी कटकट कशाला, केराटिन करून टाक," असं सांगणारी मैत्रीण प्रत्येक ऑफिसात असते. मी तरी केलं नाही. केस सरळ करायच्या काही रसायनांतून स्ट्रेटनरच्या तापानं फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' छापलेल्या बाटल्यांतही तो सापडल्याचं अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं २०११ मध्ये जाहीर केलं होतं. तुम्ही एकदा श्वासात घ्याल, पार्लरमधली मुलगी रोज घेते.

राहता राहिला प्रश्न 'प्रोफेशनल'चा. ती नोकरी मी दोन वर्षांनी सोडली, कारणं वेगळी होती. आता इंटरव्ह्यू घ्यायला जाताना कधी केस सरळ करून जाते, कधी आहेत तसे सोडते. त्या दिवशी किती वाजता उठले यावर ते ठरतं. साहेबांना त्या सोमवारी विचारायला हवं होतं, की शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या विस्कटलेल्या केसांना तुम्ही 'क्रिएटिव्ह' कसं म्हणता? नाही विचारलं. पहिला पगार व्हायचा होता.

परवा टोकं कापायला काकूंकडे गेले होते. "हल्ली किती अंशांवर लावतेस?" त्यांनी विचारलं. "एकशे साठ." काकूंनी एक केस ओला केला, दोन बोटांत धरला आणि हलकेच ताणला. तो लांबला आणि सोडल्यावर परत जागेवर आला. "हं," म्हणाल्या, "बोटभरच कापते मग."