कायदा आणि सातबारा : लेखांक ९
कर्ज फिटले, बोजा उतरला का?

जमिनीवर कर्जाचा बोजा कसा चढतो, हे मागील लेखात पाहिले. आज तो उतरतो कसा, ते पाहू. शेवटचा हप्ता भरला की सुटलो, असे बहुतेक शेतकऱ्यांना वाटते. पैशापुरते ते खरे आहे. पण सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहिला, तर जमीन विकताना किंवा दुसरीकडे तारण देताना तेच फिटलेले कर्ज आडवे येते.

कर्ज फिटल्याच्या कागदाची किंमत शिरूर तालुक्याने फार पूर्वी मोजली आहे. तालुक्यातल्या कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस कालूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला, तो आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उद्रेक झाला. पुढे गावोगाव लोकांची मुख्य मागणी एकच होती : रोखे आणि हुकूमनामे हवाली करा. हाती आलेले कागद त्यांनी जाळले.

राग कागदावर का होता? शेतकऱ्याने घातलेले धान्य वा रोकड सावकाराच्या वहीत जमा होईलच, याची खात्री नव्हती. पावती मिळत नसे. व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. फेडले तरी फेडल्याचा पुरावा नाही, हे खरे दुखणे होते. रोखा जाळल्याने मात्र कायद्याच्या दृष्टीने कर्ज फिटत नव्हते. म्हणून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने कर्जदाराला लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. रोख्यामागचा सारा व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपवले.

आज विकास सोसायटीचे पीककर्ज घेताना सभासद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार इकरार करून देतो. त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात होते. कर्ज फिटल्यावर सोसायटीकडून किंवा बँकेकडून दोन कागद घ्या : बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याचे पत्र. ते तलाठी कार्यालयात द्या. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो.

नोंदणीकृत गहाणखत असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ६० लक्षात ठेवा. पूर्ण फेड केलेल्या कर्जदाराला मूळ कागद परत मागता येतात. गहाण संपल्याची लेखी पोच स्वतःच्या खर्चाने नोंदवूनही घेता येते. तडजोडीत कमी रक्कम भरली असेल, तर पत्रात ‘संपूर्ण व अंतिम फेड’ असे स्पष्ट लिहून घ्या. नुसती भरण्याची पावती उरलेली रक्कम सोडून दिल्याचे सिद्ध करत नाही.

घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी आदेश काढला. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला बोजा हटवणे बंधनकारक झाले. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ही मुदत वैयक्तिक कर्जांपुरती आहे. पीककर्जाच्या शेतकऱ्यालाही असेच संरक्षण मिळायला हवे, असे मला ठामपणे वाटते. ज्याला तालुक्याला एक फेरी मारायची तर दिवसाचे काम बुडवावे लागते, त्यालाच आज पाठपुरावा करावा लागतो.

तोवर एक नियम पाळा. फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा डिजिटल सातबारा काढा, ‘इतर अधिकार’ रकाना स्वतः वाचा आणि बेबाकी दाखल्यासोबत जपून ठेवा. तेव्हाच कर्जाचे प्रकरण मिटले असे समजा.

(पुढील लेखात : जामीनदार जबाबदारीतून केव्हा सुटतो?)