विषाचे जनुक सापडले म्हणजे रोग सिद्ध झाला?

धष्टपुष्ट मेंढी एकाएकी दगावावी, तिच्या आतड्यातील द्रव पीसीआर चाचणीसाठी प्रयोगशाळेत रवाना व्हावा, अहवालात परफ्रिंजन्स जंतूच्या विषाचे जनुक आढळल्याची नोंद यावी आणि तेवढ्या एका नोंदीवर ‘आंत्रविषाराने मेली’ असा निवाडा मेंढपाळापासून शिकल्यासवरल्या सल्लागारापर्यंत सर्वांनी बिनतक्रार मान्य करावा, हा शिरस्ता आता इतका रूढ झाला आहे की त्यात काही वावगे आहे असे सांगणाऱ्यालाच उलट वेड्यात काढले जाते.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू मातीत आणि निरोगी जनावरांच्या आतड्यातही वस्तीला असतो. २०१८ च्या सुधारित वर्गीकरणाप्रमाणे त्याचे ए ते जी असे सात प्रकार आहेत, आणि अल्फा विषाचे जनुक या सातही प्रकारांत, तेही मुख्य गुणसूत्रावर असल्यामुळे, जंतूची जात ओळखण्यास ते उत्तम. परंतु नेमक्या त्याच कारणामुळे रोगाविषयी ते काहीच सांगत नाही. गावच्या दप्तरी नाव आढळले एवढ्यावरून कोणी एखाद्यास खुनाचा आरोपी ठरवीत नाही. येथे मात्र खुशाल ठरवितात! शेळ्यामेंढ्यांत आंत्रविषार घडविणाऱ्या डी प्रकाराची ओळख एप्सिलॉन विषाच्या जनुकावरून पटते, आणि ते प्लाझ्मिड नावाच्या स्वतंत्र डीएनए-कड्यावर असते, जे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते आणि प्रयोगशाळेत जंतू वाढविताना गळूनही पडू शकते.

बरे, एप्सिलॉनचे जनुक सापडले तरी मामला संपत नाही. डी प्रकार काही निरोगी मेंढ्यांतही अल्प प्रमाणात असतो. धान्याचा खुराक अतोनात झाला आणि न पचलेला स्टार्च लहान आतड्यात उतरला म्हणजे तो भराभर वाढतो, निष्क्रिय रूपात विष सोडतो, आणि ट्रिप्सिनसारखी पाचक द्रव्ये ते जागृत करतात. शिवाय मृत्यूनंतरही हा जंतू आतड्यात झपाट्याने वाढतो. म्हणूनच उझाल आणि साँगर या संशोधकांनी २००८ साली या निदानाचा आढावा घेताना आतड्यातील प्रत्यक्ष विषाच्या शोधास आणि मेंदूच्या सूक्ष्मदर्शी तपासणीस महत्त्व दिले आहे.

‘पीसीआर होकारार्थी म्हणजे जंतू जिवंत’ हाही भ्रमच; मेलेल्या जंतूचा डीएनए चाचणीस तितकाच चालतो. आणि विषाचे जनुक ही एकाच जातीची मिरासदारी असते म्हणावे, तर आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यात २००१-०२ च्या सुमारास काळपुळीसारख्या रोगाने मेलेल्या चिंपांझींत जो जंतू मिळाला, त्याच्याजवळ काळपुळीच्या विषाची जनुके होती, पण त्याचे मुख्य गुणसूत्र बॅसिलस सेरियसच्या वळणाचे होते.

तेव्हा मेंढी दगावल्यास शवविच्छेदन विनाविलंब करवून घ्यावे, लहान आतड्यातील द्रव बर्फात व मेंदू फॉर्मेलिनमध्ये पाठवावा, आणि प्रयोगशाळेकडे नुसत्या जनुकाची नव्हे, एप्सिलॉन विषाचीच तपासणी मागावी.