पन्नासातले पाच तास

पदवीचा विद्यार्थी वाणिज्य शिकत असो, इतिहास असो वा पदार्थविज्ञान, त्याला पर्यावरण हा विषय एकदा तरी शिकावाच लागतो. ही सक्ती मुळात सर्वोच्च न्यायालयाची आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने १९९१ साली तसा आदेश दिला आणि २००३मध्ये तो पुन्हा बजावला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांसाठी मिळून एक सहामाही अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. घटक आठ, व्याख्यानं पन्नास. नैसर्गिक संसाधनं, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या असे घटक एकामागून एक येतात. शेवटच्या घटकाला पाच तास दिलेले आहेत आणि त्याचं नाव आहे 'क्षेत्रकार्य'. जवळच्या नदीवर, डोंगरावर किंवा जंगलात जाऊन काय आहे ते नोंदवा. जवळचं एखादं प्रदूषित ठिकाण पाहून या. साधी झाडं, किडे, पक्षी ओळखायला शिका. आयोगाची अपेक्षा एवढीच आहे.

मुलांच्या तोंडी या विषयाचं नाव 'इव्हीएस'. पेपर सुटला की संपला, अशी त्याची ख्याती. प्रोजेक्टची फाइल बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्या फाइलीवरून उतरते. याचा दोष मी मुलांना देत नाही. एकेका तुकडीत शंभरावर मुलं, शिकवणारा प्राध्यापक अनेकदा दुसऱ्याच विषयाचा, आणि सगळ्यांना बाहेर न्यायला ना वेळ ना बस. त्यामुळे पाच तासांचा तो आठवा घटक सगळ्यात आधी गळतो. हे कुठेही वाईटच. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत ते व्हावं याचं मला विशेष दुःख आहे, कारण पुस्तकातले पहिले सातही घटक इथे लोकलच्या तीन-चार स्थानकांच्या अंतरात उघड्यावर पडलेले आहेत.

बदलापूरच्या नळापासूनच सुरुवात करू. हे पाणी उल्हास नदीचं, बॅरेज बंधाऱ्यावरून उचललेलं. उल्हास सह्याद्रीत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते आणि कल्याणकडे जाते. कोकणातल्या आखूड नद्या दिवाळीनंतर खडकांवर येतात. उल्हास मात्र एप्रिलमध्येही वाहते. ती वाहते विजेमुळे. घाटमाथ्यावर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरून भिवपुरीच्या वीजगृहात टर्बाइन फिरवतं. टाटांचं हे वीजगृह १९२२ साली सुरू झालं. टर्बाइनमधून सुटलेलं पाणी पेज नदीत पडतं आणि पेज उल्हासला मिळते. वाटेत त्याच पाण्यावर राजनाला कालवा कर्जत तालुक्यातली उन्हाळी भातशेती भिजवतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या आणि गाड्या चालवण्यासाठी उभारलेल्या यंत्राचं सांडपाणी आज लाखो माणसं पितात. वीजगृहातून आलेल्या पाण्याला सांडपाणी म्हणणं चुकीचं वाटेल, पण ते पाणी खरोखरच कामावरून सुटलेलं असतं. आणि ते स्वच्छ असतं, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. नदी घाण होते ती पुढे.

आता हा एवढाच धागा वर्गात धरला तर तो कुठवर जातो पाहा. आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी निसर्गाच्या हिशेबाने बंगालच्या उपसागराकडे निघालेलं होतं. आपण भिंत घालून त्याला अरबी समुद्राकडे वळवलं. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांमधून पश्चिमेला वळवण्यासाठी वर्षाला सरासरी सुमारे ४२ टीएमसी पाणी मान्य केलेलं आहे. सोलापूर भागात दुष्काळ पडला की हे वळवणं थांबवा, अशी मागणी होते आणि ती मागणी खोटी नाही. बदलापूरच्या चौथ्या मजल्यावरची टाकी आणि भीमेच्या काठावरचा कोरडा ऊस यांचा असा थेट संबंध आहे. ऊर्जा, पाणी, न्याय आणि हवामान हे चार वेगळे विषय नाहीत, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला महाराष्ट्रात माहीत नाही. आणि ते उदाहरण ज्यांच्या घरात नळाने येतं, त्या मुलांना इव्हीएसच्या तासाला जलविद्युत म्हणजे भाक्रा-नांगल एवढंच कळतं.

दुसरा धडा बारवीचा. बदलापूरजवळचं हे धरण एमआयडीसीचं, १९७२चं. आधी कारखान्यांसाठी बांधलेलं, पुढे शहरांसाठी. बारवीचं पाणी उल्हासमध्ये सोडतात, जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रावर उचलतात आणि ठाणे जिल्ह्याच्या मोठ्या भागाला पोचवतात. शहरं वाढली तसं धरणही टप्प्याटप्प्याने उंच होत गेलं. शेवटची वाढ भिंतीत पूर्ण झाल्यावरही वर्षानुवर्षं पाणी साठवता येत नव्हतं, कारण मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, मोहघर, काचकोली अशा गावांचं पुनर्वसन अपुरं होतं. २०१९च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा नव्या उंचीपर्यंत भरलं. विस्थापित कुटुंबांतल्या एकेका माणसाला एमआयडीसीत आणि पाणी घेणाऱ्या पालिकांमध्ये नोकरी देण्याचा तोडगा निघाला. मला हा तोडगा महत्त्वाचा वाटतो. मुळशीच्या लोकांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्या जमिनीच्या बदल्यात वीज वापरणारं शहर काही देणं लागतं, हा विचारच कुणी मांडत नव्हतं. बारवीच्या बाबतीत निदान तो मांडला गेला. नोकरीने गाव परत येत नाही, हेही तितकंच खरं. पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या घटकात पुनर्वसनावर दोन परिच्छेद असतात. मुरबाडहून कॉलेजला येणारी मुलं त्याच बाकांवर बसलेली असतात. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी आजोबांचं शेत त्या पाण्याखाली असेल, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

वालधुनीबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. ती उल्हासची उपनदी, अंबरनाथच्या पूर्वेकडच्या डोंगरांतून येणारी. काकोळे गावाजवळ रेल्वेने तिच्यावर फार पूर्वी धरण बांधलं, तिथलं पाणी अजूनही नितळ आहे. थोडं खाली, तिच्याच काठावर अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे. शिलालेखातलं शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. देऊळ बांधणाऱ्यांनी ही जागा निवडली ती नदीमुळे. तिथून पुढे अंबरनाथच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं पाणी तिला मिळतं आणि उल्हासनगरात शिरेपर्यंत लोक तिला नाला म्हणू लागतात. जीन्स रंगवण्याच्या कारखान्यांच्या दिवसांत तिचा रंग त्या दिवशीच्या रंगावर ठरायचा. न्यायालयाच्या आदेशानंतर ते कारखाने बंद झाले, काही आजूबाजूच्या गावांकडे सरकले. नोव्हेंबर २०१४मध्ये रात्री टँकरने रसायन नदीत ओतलं गेलं आणि पहाटे उल्हासनगरातली शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात पोचली. त्यांचा त्या रसायनाशी काही संबंध नव्हता. ती आपल्या घरी झोपलेली होती.

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला इथे किती शिकवता येईल! सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून सखल वस्तीत साचतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला धोका संपल्यासारखं वाटतं. हे सूत्र बारावीच्या पुस्तकात आहे. ते नदीकाठच्या घरात राहणाऱ्या बाईला कुणी सांगितलंय का? उल्हासनगरचं चांदीबाई मनसुखानी महाविद्यालय स्टेशनासमोर आहे आणि वालधुनी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांसाठी 'वनशक्ती' संस्था न्यायालयात गेली. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१५मध्ये पालिकांना आणि औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना दंड ठोठावला. तो निकाल वाचण्यासारखा आहे. कोणत्या शहराचं किती सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जातं, हे त्यात आकड्यांनी येतं. मला वाटतं, पर्यावरण कायद्याचा घटक शिकवताना १९७४च्या जलप्रदूषण कायद्याची कलमं पाठ करून घेण्यापेक्षा हा निकाल मुलांसमोर ठेवावा. कल्याणजवळच्या मोहने-शहाड भागात उन्हाळ्यात उल्हासवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, त्याचंही उत्तर तिथेच आहे. जलपर्णी हा रोग नव्हे, लक्षण आहे. घरोघरच्या मैलापाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. यंत्राने ती काढली तरी खत येतंच राहतं, म्हणून दरवर्षी काढावी लागते.

आणि पूर. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पाण्यात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, आजूबाजूच्या गावांतली माणसं धावली आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. देशाने ती गाडी पाहिली. बदलापूरमध्ये त्याच सकाळी तळमजल्यावरचे फ्रिज पाण्यात तरंगत होते, ते फारसं कुणी पाहिलं नाही. जलसंपदा खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर घेताना कार्पेट एरिया विचारणारा माणूस ही रेषा विचारत नाही, कारण ती असते हेच त्याला ठाऊक नसतं. आणि हवा तापत चालली तर 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांचा अर्थ काय उरतो? गरम हवा जास्त बाष्प धरते, दर अंशामागे सुमारे सात टक्के. २६ जुलै २००५चा महापूर आणि २७ जुलै २०१९चा हा पूर यांच्यात फक्त चौदा पावसाळे होते.

हे सगळं त्या पाच तासांत बसणार नाही, मान्य. म्हणून माझी मागणी पाच तासांच्या पलीकडची आहे. आयोगाने २०२३मध्ये पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला, त्यात चार क्रेडिट आहेत आणि हवामान बदलाला स्वतंत्र जागा आहे. मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग महाविद्यालयांतून काम करतोच. या दोन्हींच्या आधारे ही व्याख्यानं गावासाठी खुली करता येतील. महाराष्ट्राला व्याख्यानमालेची सवय जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५पासूनची. बदलापूर-अंबरनाथची माणसं संध्याकाळी दीड तास लोकलमध्ये उभी राहून येतात आणि तरीही चांगल्या वक्त्याला गर्दी करतात. फक्त वक्ता नदीविषयी बोलला पाहिजे, त्यांच्या नदीविषयी. आणि मराठीत, उल्हासनगरात सिंधी आणि हिंदीतही.

अडचण वेळापत्रकाची आहे. महाविद्यालयांतले परिसंवाद आणि व्याख्यानं जानेवारी-फेब्रुवारीत होतात, जेव्हा थंडी असते, पाहुणे मोकळे असतात आणि उल्हास सुंदर दिसते. जलपर्णी आणि पाणीकपात एप्रिल-मेमध्ये येतात, तेव्हा परीक्षा आणि सुट्टी. पूर जुलैत येतो, तेव्हा प्रवेशप्रक्रिया. नदीचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. निदान दोन व्याख्यानं तरी हलवावीत: एक मेमध्ये, बॅरेजवर किंवा मोहनेच्या काठावर, दुसरं पावसाआधी, पूररेषेचा नकाशा भिंतीवर लावून, जलसंपदा खात्याच्या अभियंत्याला समोर बसवून.

मेच्या व्याख्यानासाठी एक विषय तयारच आहे. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला, त्यातला १००० मेगावॉटचा एक भिवपुरीला. सौरऊर्जा दुपारी भरपूर असते आणि लागते संध्याकाळी. म्हणून दुपारच्या स्वस्त विजेने खालचं पाणी वरच्या जलाशयात चढवायचं आणि संध्याकाळी ते पुन्हा सोडून वीज करायची, अशी ही पद्धत. कोळसा कमी जाळायचा तर असे प्रकल्प लागणारच. पण तेच ते पाणी वर-खाली फिरत राहिलं, तर पेज आणि उल्हासमध्ये उन्हाळ्यात किती येणार, कोणत्या वेळी येणार, आणि ते कोण ठरवणार? हे प्रश्न कंपनीच्या अभियंत्याला, जलसंपदा खात्याला आणि बदलापूरच्या नगराध्यक्षांना एकाच मंचावर विचारायला हवेत. प्रेक्षकांत राजनाल्याचा शेतकरी हवा, आणि पुढच्या रांगेत इव्हीएसच्या फाइली मांडीवर घेतलेली पहिल्या वर्षाची मुलं.